अंतराळयानातला आधाराचा दांडा

अंतराळ अफाट आहे, आणि अफाट गोष्टीला हात घालण्यापूर्वी माणसाने आतल्या पडद्यांचा रंग ठरवावा, याबद्दल जाणत्या लोकांत दुमत नाही.

इमारत तपासनीसांना हे कोणी शिकवावे लागले नाही. दिवसभर ते दुसऱ्यांच्या जिन्यांच्या पायऱ्या मोजत, कठडे धरून हलवून पाहत आणि सगळे नियमात असेल तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देत. कठडा अर्धा बोट कमी भरला तर मालकाला परत पाठवत, मग तो कोणाचा का मेहुणा असेना. संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन ते संगणकासमोर बसत आणि आपल्या अंतराळयानाची तीच तपासणी करत. इथे मालकही तेच असल्यामुळे तपासणी जास्त कडक होती.

खेळ मोठा नामी होता. त्यात चार हजार तारे होते, ताऱ्यांभोवती ग्रह होते, ग्रहांवर दऱ्या होत्या आणि दऱ्यांत काय काय होते (हे तपासनीसांना ऐकून माहीत होते). खेळाडूने यान घ्यावे, हवे तसे सजवावे आणि अज्ञाताच्या शोधात निघावे, अशी खेळ बनवणाऱ्यांची भाबडी कल्पना. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तपासनीसांनी जीव ओतून केल्या. तीन वर्षांत सजावट एक हजार नऊशे तास, उड्डाण अकरा मिनिटे. त्या अकरांपैकी सात मिनिटे यान मागे घेण्यात गेली, कारण मागचे दिवे लागल्यावर कसे दिसतात ते पाहायचे होते. (चांगले दिसतात.)

यानाला सहा मजले, बेचाळीस खोल्या आणि अकरा जिने होते. प्रत्येक बोळात दोन्ही बाजूंनी हाताला धरायला दांडे होते. अंतराळात वजनच नसते, तिथे कोण घसरून पडणार, असा आक्षेप एकाने घेतला होता. त्याला नियमावलीचे संबंधित पान पाठवण्यात आले. त्यानंतर त्याचा आक्षेप आला नाही, तोही आला नाही.

आक्षेप घेणारा हा यानदर्शन मंडळाचा सदस्य होता. दर रविवारी दुपारी चार वाजता मंडळाचे साठ-सत्तर सदस्य आपापल्या घरी कानांवर माइकवाले हेडफोन चढवून एकमेकांच्या यानांत हिंडत आणि वाहवा करत. सगळी याने अवकाशस्थानकाच्या फलाटाला बांधलेली असत. मंडळाच्या इतिहासात एकच जण खरोखर दूर गेला. त्याने कोणीही न पाहिलेल्या एका ग्रहावरच्या जांभळ्या सूर्योदयाचे छायाचित्र पाठवले. त्यावर बावीस प्रतिक्रिया आल्या, आणि बाविसांचाही सूर एकच होता: पुढ्यात दिसणाऱ्या खुर्चीची गादी सूर्योदयाला अजिबात शोभत नाही.

अशा भरल्या संसारात बाबांच्या खुब्याचे हाड मोडले.

बाबा म्हणजे तपासनीसांचे वडील, चाळीस वर्षे पाइप फिटर, वय अठ्ठ्याहत्तर, दुसऱ्या गावी एकटे राहणारे आणि कोणाच्या दारात जाऊन न राहण्याबद्दल प्रसिद्ध. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले की एकटे राहणे आता बंद, आणि पुन्हा पडले तर आमच्याकडे बोट दाखवू नका. बाबांनी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून घालवले आणि तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाले, "येतो. पण मला न्हाणीघरात कोणी हात धरून न्यायचं नाही. भिंतीला एक दांडा लावा. बाकी माझं मी बघतो."

म्हातारा सगळे सोडून येणार होता, आणि मागत होता एक दांडा. सुनेने तो त्याच दिवशी आणला, नवऱ्याच्या हाती दिला आणि सासऱ्यांजवळ थांबायला दवाखान्यात निघून गेली. ती दहा दिवस तिकडे होती.

आता दांडा बसवणे म्हणजे काय, हे तपासनीसांइतके या शहरात कोणाला कळत असेल? तो किती उंचीवर हवा? आडवा की तिरका? माणूस ओला असताना त्याचा हात कुठे जातो? ज्याला यातले काही कळत नाही तो माणूस ड्रिल घेतो, दोन भोके पाडतो आणि मोकळा होतो. तपासनीसांनी तसे केले नाही. त्यांनी आधी यानाच्या चौथ्या मजल्यावर घरातले, बाबांसाठी ठरलेल्या मागच्या खोलीचे न्हाणीघर जसेच्या तसे बांधले. तीच फिकट हिरवी फरशी, बादलीजवळचा तोच टवका, तोच गळका नळ (गळणे जुळवायला दोन संध्याकाळी लागल्या). मग बाबांच्या उंचीचा एक म्हातारा तयार केला, त्याला उजव्या पायाने लंगडायला लावले आणि दांडा निरनिराळ्या उंचीवर लावून त्याला दोनशे वेळा आंघोळीला पाठवले. एकशे त्र्याण्णव वेळा हात दांड्यावर पडला. तपासनीसांनी दांडा दोन बोटे खाली घेतला आणि पुन्हा दोनशे वेळा पाठवले. दोनशेपैकी दोनशे! त्यांचे डोळे भरून आले. बाबांवर त्यांचा खराच जीव होता, यात कोणी शंका घेऊ नये.

नवव्या दिवशी बायकोचा फोन आला.

"अहो, दांड्याचं झालं का?"

"झालं. बसवला."

"नीट बसलाय ना? भार टाकतील ते."

"दोनशे वेळा तपासलाय."

तपासनीस खोटे बोलत नव्हते. आयुष्यात त्यांनी खोटा दाखला दिलेला नव्हता. काम मनापासून केले होते, पूर्ण केले होते, डोळ्यांनी पाहिले होते. बायकोने आणलेला दांडा त्याच्या खोक्यात त्यांच्या उजव्या कोपराखालीच होता. (खोक्याची उंची माऊस धरायला फार सोयीची पडली.)

रविवारी सकाळी बाबा आले. तपासनीसांचा शब्द मिळालेला असल्यामुळे न्हाणीघरात डोकावून पाहण्याची गरज बायकोला वाटली नाही. दुपारी जेवून पडले. पावणेचारला बायको औषधे आणायला गेली. जाताना म्हणाली, "लक्ष ठेवा हं." तपासनीस म्हणाले, "मी आहे ना!" चार वाजता मंडळ भरले. त्या दिवशी चौथा मजला पहिल्यांदाच लोकांसाठी खुला होणार होता.

मंडळाने तोंडात बोटे घातली. पासष्ट सदस्य त्या एवढ्याशा न्हाणीघरात आळीपाळीने शिरून बाहेर आले. फरशीच्या टवक्यापुढे एक जण नुसता उभा राहिला. म्हातारा लंगडत आला, हात दांड्यावर पडला, टाळ्या झाल्या.

टाळ्या ओसरल्यावर पाइपवर कोणीतरी ठोकत असल्याचा आवाज ऐकू आला. टण, टण, टण. मग थांबून पुन्हा तीन.

"अरे, आवाज काय भन्नाट घातलाय!" एक सदस्य म्हणाला.

"अगदी भिंतीतून आल्यासारखा," दुसरा म्हणाला.

"साधी गोष्ट आहे, पण किती विचार केलाय बघा."

तपासनीसांना कृतकृत्य वाटले. "छोट्या छोट्या गोष्टीच महत्त्वाच्या असतात," ते म्हणाले. ठोके चालूच होते. तीन, थांबून तीन. ते आणखी काही नम्र बोलणार होते, इतक्यात त्यांना आठवले की आवाज आपण घातलेलाच नाही. आणि त्यापाठोपाठ आठवले की लहानपणी बाबांना डबा द्यायला गेल्यावर अर्धवट इमारतींत हाच आवाज यायचा. खालचा फिटर वरच्याला पाइपवर ठोकून सांगतो: तीन, थांबून तीन, पाणी बंद कर.

हेडफोन फेकून ते धावले.

बाबा फरशीवर बसले होते. पाठ भिंतीला, हातात तांब्या, डोक्यावर नळ सोडलेला. मनगट सुजले होते. खुबा शाबूत होता, पण हे नंतर कळले. वीस मिनिटे ते ठोकत होते. आधी हाका मारल्या होत्या.

"दांडा कुठाय रे?" बाबांनी विचारले.

"बसवलाय ना, बाबा," तपासनीस म्हणाले, आणि त्यांचा हात भिंतीवर बरोबर त्या जागी गेला. दोन बोटे खाली, किंचित तिरका. हात गुळगुळीत भिंतीवरून घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

बाबांनी त्या हाताकडे पाहिले. मग म्हणाले, "उंची बरोबर आहे." मुलाला रडू फुटले, ते त्यांनी न पाहिल्यासारखे केले आणि नळ बंद करायला सांगितला.

आठवड्याभरात बाबा ताईकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला गेले. ताईने दांडा पंधरा मिनिटांत स्वतःच लावला. तो वाकडा आहे, उंची चुकली आहे, आणि तपासनीस अधिकारी म्हणून गेले असते तर त्यांनी तो काढायला लावला असता. बाबा त्याला धरून रोज आंघोळ करतात. तपासनीसांनी यानात बाबांसाठी चौथ्या मजल्यावर एक खोली बांधायला घेतली आहे, पूर्वेकडच्या खिडकीची, आणि मंडळाच्या मते ती आजवरची त्यांची सर्वांत हृदयस्पर्शी निर्मिती ठरेल.

वाचकांपैकी बहुतेकांना इथपर्यंत येताना बाबांबद्दल वाईट वाटले, काहींना तपासनीसांचा रागही आला, आणि दर दहांपैकी नऊ जणांना आपल्या घरातले एक माणूस आठवले, ज्याने बऱ्याच दिवसांपूर्वी एकच साधी गोष्ट मागितली होती. आठवले, त्याच्यासाठी जीव हळहळला, आणि मग बरे वाटले. असे मोकळे वाटते ते काम झाल्यावरच. तेव्हा त्या माणसाचा फोन आला, तर तुम्ही बेधडक सांगा, झाले म्हणून. तुम्ही खोटे बोलत नसाल.