सुपडा मिस्त्रीचं शिसं

मोताळ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुपडा मिस्त्रीचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं गाडी उभी केली, की तिला काय झालंय हे तो आधी विचारत नाही. फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "पेट्रोलातलं शिसं काढलं काऊन, सांगा बरं?"

माणूस बिचारा चेन ढिली झाली म्हणून आलेला असतो. शिसं कुठलं, कधी होतं, त्याला काही पत्ता नसतो. रोजचे लोक मात्र पाढा म्हटल्यासारखं म्हणतात, "जाळीपायी!" मिस्त्री खूश. चाकात हवा फुकट.

जाळी म्हणजे सायलेन्सरमध्ये धूर साफ करायला बसवतात ती. पूर्वी इंजिनानं खडखड करू नये म्हणून पेट्रोलात शिसं मिसळत. त्या शिशानं जाळी निकामी व्हायची, म्हणून ते बंद केलं. हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायचं काम गेली पंचवीस वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. इथल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शाळेनं मला निवृत्त केलं, सुपडानं नाही केलं.

दर रविवारी सकाळी तो हजर. बायको आतूनच म्हणते, "आले तुमचे पेट्रोलमंत्री."

"सर, आता पेट्रोलात ते उसाचं टाकून राह्यले म्हन्ते. मानूस पिला तं बोंब, अन् गाडीले खुशाल पाजून राह्यले!"

"बाबा रे, ते इथेनॉल. शिसं जे काम करायचं ते आता हे करतं. खडखड थांबवतं."

"हाव. पन शिसं काढलं ते जाळीपायीच ना?"

"जाळीपायी, आणि लहान लेकरांच्या..."

एवढं म्हणेपर्यंत हा उठलेला. चहा अर्धा तसाच. "येतो जी. गजू एकटाच हाय दुकानात."

पंचवीस वर्षांत त्यानं मला हे वाक्य एकदाही पुरं करू दिलं नाही. वर्गात कुणाची टाप नव्हती मला मध्ये तोडायची! कंटाळलो हो मी. कधी कधी वाटायचं, रविवारी दाराला बाहेरून कुलूप लावून मागच्या दारानं आत येऊन बसावं. पण गुडघे दुखतात, तेवढी उठाठेव कोण करणार.

एकदा कॉलेजातल्या एका पोरीनं मोबाइलमध्ये पाहून त्याला सांगितलं, "काका, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणून काढलं." सुपडानं तिची उघडलेली गाडी पुन्हा जोडली आणि न दुरुस्त करताच परत दिली. "दुसरा मिस्त्री पाहा, ताई." सगळा रस्ता हसला. मीही हसलो.

गजू त्याचा मुलगा. बत्तीस वर्षांचा, अंगानं दणकट, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. त्याला दहापर्यंत मोजता येत नाही, पण बापानं मागितलेला पाना अचूक देतो. आई लवकर गेली. घरात हे दोघंच.

मागच्या महिन्यात सुपडा मंगळवारीच आला, गजूला घेऊन. हातात दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज. "एवढा भरून द्या, सर. मी हाय तवर हाय. मंग याले कोन पाहीन?"

नाव, वय, पत्ता लिहिला. पुढं रकाना होता, अपंगत्वाचं कारण. मी सहज विचारलं, "इथं काय लिहू?"

"लिहा, बाप."

"काय?"

"माहं नाव लिहा." तो गजूकडे पाहत नव्हता. "शिसं काढलं हे तुम्ही पहिल्यांदा सांगतलं तवा हा माह्या मांडीवर होता, सर. सात वर्साचा. माहे हात कोपरापावतर पेट्रोलात. त्यातच पार्ट धुवायचो, अन् त्याच हातानं याले घास भरवायचो. तुम्ही म्हनले, लेकरायच्या डोक्यात जाते ते. तवाच पुरं आयकलं मी."

मला तो दिवस आठवला. मी वर्गात बोलावं तसा रंगात येऊन बोललो होतो. समोरच्याच्या मांडीवर कोण बसलंय हे पाहिलंसुद्धा नव्हतं. फार लाज वाटली मला. आणि नंतर पंचवीस वर्षं दर रविवारी मी तेच त्याला पुन्हा ऐकवू पाहत होतो.

गजूचं रक्त तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. शिशानं झालं की आणखी कशानं, हे आता कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी रकान्यात लिहिलं, "माहीत नाही."

सुपडानं अक्षरांखाली बोट फिरवत ते वाचलं. "तुमाले तं सगळंच माहीत राह्यते, सर."

"हे नाही माहीत, सुपडा. मलाच नाही, कुणालाच नाही."

त्यानं गजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुन्यांदा म्हना," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हणालो.