न झालेल्या बारशाची बखर

श्रीगजानन कृपाळू असो. ज्याचे हाती फोन त्याचे कान उघडे राहोत, आणि लिहिणाराचे हस्तदोष वाचणाराने पोटात घालावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या प्रकरणी पुष्कळ माणसे पोट धरून हसली, सबब नावावर जाऊ नये.

पुणे प्रांती बाणेरास, एका उंच इमारतीचे पाचवे मजल्यावर, एक राज्य नव्याने वर येत होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्यास जमीन नाही, घोडा नाही, तोफ नाही. जे काय होते ते एक ॲप. प्रजेने फोनवर बोट ठेवावे आणि घरी गुरुजी यावे, सोबत दर्भ, सुपाऱ्या, आंब्याचे डहाळे यावे, चौरंगसुद्धा यावा, आणि यजमानाने फक्त आंघोळ करून पाटावर बसावे, ऐसा त्या राज्याचा व्यवहार. राज्याच्या मूळ संस्थापक श्रीमंत केतकीबाईसाहेब. त्यांनी आरंभी स्वतः स्कूटीवर नारळ पोहोचवून राज्याचा पाया घातला, आणि मग पुणे सर जाहले, मग नाशिक, मग कोल्हापूर, मग अकोला, आणि पुढे समुद्र ओलांडून दुबईतही सत्यनारायण सुरू जाहला. रोज नवे कारकून येत, खुर्च्या पुरत ना, नवा मनुष्य दोन दिवस खिडकीचे कठड्यावर बसून काम करी, आणि तरी कोणाचे तोंड वाकडे नसे, कारण वाढत्या घरात अडचणीचेही कौतुक असते. त्या राज्याचा कायदा एकच, परंतु कडक. ज्याचे हातून प्रजेस त्रास पोहोचेल त्याने खाशाने फोन करावा, आधी आपले नाव सांगावे, मग आपली चूक सांगावी, आणि मग समोरचे माणूस बोलेल ते सारे ऐकावे. सबब सांगू नये. मोठा असो, धाकटा असो, कायद्यास सूट नाही.

ऐशा राज्यात निनादपंत शिरगावकर हे आकडेनवीस होऊन आले. प्रजा काय मागते, केव्हा मागते, पुढे काय मागेल, हे आकड्यांवरून ताडणे हे त्यांचे काम. थोर कंपनीतील पक्की नोकरी सोडून आले होते, आणि येथील नोकरी अद्याप कच्ची होती. सहा महिने काम पाहून मग कायम करणार, ऐसा करार. फाल्गुनात त्यांचे लग्न जाहले होते, याच राज्याचे गुरुजींनी लाविले होते. पत्नी ऋजुता समजूतदार, परंतु सासूबाई शकुंतलाबाई, मिरजेस राहणार, यांना जावयाचा हा पराक्रम मुळीच रुचला नव्हता. पक्की नोकरी सोडून भटजींच्या ॲपात गेले, ऐसे त्या गल्लीत म्हणत, आणि ते फिरून पंतांचे कानी येई, आणि पंतांस फार झोंबे. म्हणोन पंतांनी मनी घेतले की ऐसा काही पराक्रम करावा की नोकरी कायम होईल आणि मिरजेचे तोंड बंद होईल.

मग पंतांनी युक्ती काढिली की, आपले गुरुजींनी ज्यांची लग्ने लाविली, त्यांस नऊ मास पूर्ण होताच बारशाचे स्मरण द्यावे, म्हणजे मागणी दुप्पट. बाईसाहेब दुबईचे मोहिमेत गुंतल्या होत्या, त्यांनी अर्धे ऐकून मान हलविली. आणि मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, सकाळी चहाचे वेळी, पंतांनी यंत्राची कळ दाबिली आणि हजारो घरी मेसेज गेला, तो ऐसा: ‘अभिनंदन. आता बारशाची तयारी आमच्यावर सोपवा.’

आता आपले देशी लग्नाचे गुरुजी नवरानवरी कधी ठरवितात काय? ते ठरवितो बाप, काका, आत्या, मामा. हे कोणासही पुसले असते तर सांगितले असते. परंतु पंतांचे तक्त्यात ‘ग्राहक’ म्हणोन एकच रकाना, आणि त्यात मामा मावत नव्हता. तेव्हा मेसेज नवरानवरीस न जाता त्यांचे वडीलधाऱ्यांस गेला, आणि वडीलधाऱ्यांनी काय समजावे? राज्याचे गुरुजींस वर्तमान ठाऊक, आणि आपणांस आपले लेकीने कळविले नाही. मग एकच गहजब जाहला. नाशकात एका काकांनी नाव ठरविले, अकोल्यास एका आजोबांनी माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसून ठेविला, ठाण्यास एका आत्याबाईंनी सुनेचे हातचे जड भांडे काढून घेतले आणि ती सून संतापून फोनवर आली. दुपारपावेतो पाचवे मजल्यावर इतके फोन वाजले की चहावाल्यासही एक घ्यावा लागला.

निनादपंत नोकरी गेली म्हणोन समजले. बाईसाहेब आल्या, सारे ऐकिले, आणि रागे भरल्या नाहीत, इतकेच बोलिल्या की, “कायदा ठाऊक आहे ना? मान मीही हलवली होती. अर्धे फोन माझे.”

मग दोघे शेजारी शेजारी बसून फोन करू लागले. पंतांस आकड्यांशी बोलणे ठाऊक, माणसांशी नव्हे. ठाण्याची सून बहुत बोलली, आणि पंतांनी ऐकिले, आणि तिचे बोलून जाहले तेव्हा तीच म्हणाली की बरे, माघात वास्तुशांत आहे, माणूस चांगला पाठवा. अकोल्याचे आजोबांस वर्तमान खोटे म्हणोन सांगितले तेव्हा ते म्हणाले की पाळणा पुसला तो पुसला, परंतु ऐसा आपण होऊन चूक सांगणारा मनुष्य प्रथमच भेटला, सबब घरी सत्यनारायण घालावा. आणि एक घर ऐसेही लागले की जेथे हाच प्रश्न कित्येक वर्षे ठसठसत होता, थोरल्या सुनेचा. तेथील बाईंनी रागाचा शब्द काढिला नाही, फक्त असे पुन्हा कोणास विचारू नका म्हणाल्या. पंतांचे डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी लपविले नाही, आणि फोन ठेवून तत्क्षणी बाईसाहेबांस पुसून हुकूम लिहिविला की कोणाचे घरी काय घडावे हे राज्याने कदापि विचारू नये. ज्यास जे हवे तो आपण होऊन सांगेल.

ऐसे सारे फोन जाहले, आणि एकच राहिला. पंतांचे स्वतःचे लग्नाचे गुरुजी मिरजेहून सासूबाईंनी ठरविले होते, सबब मेसेज त्यांसही गेला होता. पंत कधी पाणी पिऊन आले, कधी उगाच यंत्र पुसले. ऋजुतेस गळ घातली की तू सांग, ती म्हणाली, “घाव तू घातलास, मलम तूच लाव. मला सकाळपासून डिंकाच्या लाडवांबद्दल आईचे मेसेज येतायत, मी अजून उत्तर दिलेलं नाही.” मग देवाचे नाव घेऊन पंतांनी मिरजेस फोन लाविला, आणि कायद्याप्रमाणे आधी नाव सांगितले, जणू सासूबाई ओळखत नव्हत्या.

“मी निनाद शिरगावकर. आई, तो मेसेज मी पाठवला. चुकून. तसं काही नाहीये.”

मिरजेहून सासूबाई बोलल्या.

“जावईबापू, अख्ख्या गल्लीत नरसोबाच्या वाडीचे पेढे वाटून बसले की हो मी. आता घरोघरी जाऊन परत मागू काय?”

पंतांनी सबब सांगितली नाही. चूक माझी, म्हणाले, आणि ऐकत राहिले. सासूबाई बहुत बोलल्या, पक्क्या नोकरीपासून आरंभ करून भटजींच्या ॲपापावेतो आल्या, आणि बोलता बोलता स्वर उतरला, आणि मग त्यांनी विचारिले की असे आणखी किती जणांस फोन केले. सर्वांस केले, तुम्हांस भिऊन शेवटी केला, ऐसे पंतांनी खरे सांगितले. तेव्हा त्या हसल्या. लग्न जाहल्यापासून जावयाशी बोलताना प्रथमच हसल्या.

“असू दे. गल्लीत सांगते, जावयाची नोकरी पक्की झाली म्हणून वाटले. आता माझी लाज राखणं तुमच्या हातात.”

पुढे सोमवारी दरबार भरला. बंगळुराहून पैका गुंतविणारे दोन धनिक आले होते, त्यांनी पाहिले की गोंधळ होऊनही त्या आठवड्यात मागणी पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली, आणि विचारिले की हे कोणते यंत्र, कोणती विद्या. बाईसाहेबांनी निनादपंतांस उभे केले आणि सारी हकीकत सांगविली, मिरजेचीसुद्धा. धनिक हसून हसून खुर्चीत आडवे जाहले. पंत मात्र खाली मान घालून उभे, कारण निकाल तेथेच व्हावयाचा होता.

बाईसाहेब बोलिल्या, “आकडे जाणणारे पगार दिला की मिळतात. आपल्याच सासूला फोन करून चूक सांगणारा मिळत नाही. याला आजपासून कायम करा.”

मजला टाळ्यांनी दणाणला, आणि खिडकीचे कठड्यावर बसलेले नवे कारकून उठून नाचू लागले. आणि पंत धावत जिन्यात गेले आणि मिरजेस फोन लाविला, आणि म्हणाले की आई, नोकरी पक्की झाली.

“मला ठाऊक होतं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर पेढे आधीच वाटले.”

एवंच राज्य वाढले ते ऐशा रीतीने. पंत पुढे बहुत वर्षे आकडेनवीस राहिले, आणि तक्त्यात मामाचा रकाना त्यांनी स्वहस्ते वाढविला. ऐकणारांचे घरी मंगलकार्ये होवोत, केव्हा ते ज्याचे त्याने ठरवावे. लेखनसीमा.