दाण्याचं पीठ आणि समोरची पार्टी

रिक्षावाला, दातांचे डॉक्टर, गॅस तपासायला आलेला माणूस, कुणीही समोर आलं की आमचे शेजारी गद्रेभावजी एकच प्रश्न विचारायचे. "वजनाला वजन धरा. प्रोटीन कशात जास्त? बीफमध्ये की दाण्याच्या पिठात?"

शिरगावातली आमची सोसायटी अशी, की जे अंडी खातात तेसुद्धा टरफलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात. तिथे जिन्यात उभं राहून हा माणूस खणखणीत आवाजात 'बीफ' म्हणायचा. दारं उघडायची, लोक बघायचे आणि शेजारी म्हणून मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"भावजी, अहो हळू."

"हळू कशाला वहिनी? मी काय खातोय? मी कंपॅरेटिव्ह करतोय."

कंपॅरेटिव्ह म्हणजे काय, ते सांगायला हवं. भावजी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात परचेस ऑफिसर होते. तिथे साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी मांडायची आणि मग ठरवायचं. याला ते लोक कंपॅरेटिव्ह म्हणतात. भावजी रिटायर झाले, पण ही सवय काही रिटायर झाली नाही. भेंडी घेतानाही ते तीन गाड्या फिरून येत. त्यांची बायको, नलूवहिनी, होती तेव्हा हसून सांगायची, "मला बघायला आले त्याआधी दोन मुली बघून झाल्या होत्या. मी लोएस्ट निघाले, म्हणून ऑर्डर मिळाली."

नलूवहिनी गेल्यावर घरात भावजी आणि मुलगा निखिल. मग निखिलने जिन्सीशी लग्न केलं. जिन्सी मल्याळी, पण जन्म अंबरनाथचा, त्यामुळे मराठी तुमच्याआमच्यासारखं, मधे मधे हिंदी. भावजींनी या लग्नाला एका शब्दाने विरोध केला नाही. मुलगी हसरी आहे, एवढंच म्हणाले. घरात शाकाहारी स्वयंपाक, याला तिनेही कधी नाक मुरडलं नाही.

घोळ झाला तो निखिलच्या तोंडून. बोलता बोलता तो सहज म्हणून गेला, की जिन्सी माहेरी गेली की तिची मम्मी तिच्यासाठी बीफ करते. जिन्सी घाईघाईने म्हणाली, "बाबा, म्हशीचं असतं ते. इकडे म्हशीचंच मिळतं." भावजी पानावरून उठले, हात धुतले आणि सरळ आमच्याकडे आले.

मला वाटलं, आता हे रडणार किंवा ओरडणार. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, माणूस एखादा माल का घेतो? गरज असते म्हणून. इथे गरज कशाची? प्रोटीनची. तोच स्पेक, म्हणजे तोच गुण, दुसऱ्या मालात मिळाला तर?"

"पण भावजी, चव?"

"चव स्पेकमध्ये येत नाही."

झालं. तिथून दाण्याचं पीठ सुरू झालं. दाण्याचं कूट नव्हे. कूट म्हटलं की भावजी दुखावतात. कुटात तेल असतं. तेल काढून घेतलं की उरते ती पेंड, आणि ती दळली की पीठ. त्यात वजनाला वजन धरलं तर बीफपेक्षा प्रोटीन जास्त, हे त्यांनी कुठून कुठून वाचून पक्कं केलं होतं. "आणि वहिनी, म्हैस तरी काय खाते? पेंडच! मग मधला दलाल कशाला?"

मला ड्रेसचं कापड घ्यायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेले आणि पस्तावले. तिथे एका सिंधी शेटजींची तेलाची घाणी आहे. भावजींनी काउंटरवर कोपर टेकवून विचारलं, "शेंगदाण्याची खली, पेंड पाहिजे. एकदम ताजी. बिनासालीच्या दाण्यांची."

शेटजी प्रेमाने म्हणाले, "मिलेगी साईं. भैंसें कितनी हैं आपकी?"

"भैंस नहीं है. बहू है."

शेटजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी साठीला आलेली बाई, त्यांना वाटलं असेल, हीच ती बहू. "साईं," ते गंभीरपणे म्हणाले, "बहू को खली खिलाओगे?" मग आतून त्यांचे म्हातारे वडील बघायला आले. मी कापड न घेताच परत आले.

पीठ मात्र आलं. आमटीत, थालीपिठात, लाडवात, उपम्यात. एकदा चहातसुद्धा, पण तो प्रयोग निखिलने मोडून काढला. जिन्सी सगळं खायची आणि "छान झालंय बाबा" म्हणायची. भावजी मला येऊन सांगायचे, "पार्टीने सॅम्पल पास केलं."

एक मात्र आहे. माणूस तुलनेत लबाडी करणारा नव्हता. जिन्सीला दिवस राहिले आणि डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा भावजी पडेल चेहऱ्याने आले. "वहिनी, लोहात समोरची पार्टी, म्हणजे बीफ, पुढे आहे. त्यांचं लोह अंगी लागतं, आपलं तेवढं लागत नाही. आणि बी-ट्वेल्व्हमध्ये तर आपलं कोटेशनच नाही." मग स्वतःच स्वतःला धीर दिला. "गोळ्या आहेत. दूध आहे. वर लिंबू पिळू. भरून काढू." त्या दिवसापासून पिठाचं प्रमाण दुप्पट झालं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. घरात सासू नाही, म्हणून सगळं मी बघत होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायकांनी हॉल भरलेला. अंबरनाथहून जिन्सीची मम्मी आली होती, घरी तळलेले केळ्याचे वेफर्स आणि हलव्याचा डबा घेऊन. मराठी कळत होतं तिला, पण बोलायला लाजत होती. भावजी सकाळपासून नुसते नाचत होते.

बायकांनी रीतीप्रमाणे जिन्सीला विचारलं, "काय गं, डोहाळे कसले लागलेत?"

"काही नाही, काकू."

"असं कसं? काहीतरी खावंसं वाटत असेलच की!"

एवढ्यात भावजी लाडवांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. तोंड कौतुकाने फुललेलं. "तिला कसले डोहाळे लागणार आता? माहेरी बीफची सवय होती. पण त्याच्या तोडीस तोड माल आम्ही घरात आणलाय! वजनाला वजन घ्या, ऐकत नाही कुणाला!"

सोसायटीतल्या जोशीकाकू ओटी भरायला उठल्या होत्या, त्या तांदळाचं ताम्हण घेऊन परत खाली बसल्या. कुणीतरी वेफर्सची बशी हळूच बाजूला सरकवली. जिन्सीची मम्मी जमिनीकडे बघत राहिली. जिन्सीने हातातलं फुलांचं कडं काढलं, परत घातलं, परत काढलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

भावजी ताट धरून मधोमध उभे होते. आपण सुनेचं कौतुक केलं, असंच त्यांना वाटत होतं. एकेका बाईच्या तोंडाकडे बघत त्यांची नजर जिन्सीवर आली आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्यांचे कान लाल झाले. "लाडू... लाडू घ्या ना," एवढंच ते म्हणाले. कुणी घेतला नाही.

ओटी शेवटी मी भरली. बाळंतपणासाठी जिन्सी माहेरी जाणारच होती, ती त्याच संध्याकाळी मम्मीबरोबर गेली. वाकून नमस्कार केला, "येते बाबा" म्हणाली, पण वर बघितलं नाही.

त्यानंतर जिन्यातला तो प्रश्न बंद झाला. भावजी खाली उतरायचे ते भिंतीकडे बघत. निखिल अंबरनाथला जाऊन यायचा आणि सांगायचा, ती नीट जेवत नाही. मम्मीने विचारलं तरी म्हणते, काही नको. तो पदार्थ तर करूच देत नाही. म्हणते, वास निखिलच्या कपड्यांना लागतो, त्याच्याबरोबर त्या घरी जातो.

हे ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भावजी आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी नाही, काही नाही. "वहिनी, अंबरनाथला येता? सुनेचे डोहाळे सासरच्यांनी पुरवायचे असतात ना? मला एकट्याला जायची लाज वाटते."

जिन्सीच्या मम्मीने दार उघडलं आणि ती गोंधळलीच. "आइए ना, बैठिए," म्हणत खुर्च्या पुसायला लागली. जिन्सी आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. भावजी बसले नाहीत. "ताई," ते म्हणाले, "हिला जे आवडतं ते आज करा. मी थांबतो."

"बाबा, नको," जिन्सी म्हणाली. "सच में नको. मला आता आवडत नाही ते."

"खोटं बोलू नकोस. तुझ्यावर खोटं बोलायची पाळी मी आणली."

मम्मीने एकदा मुलीकडे बघितलं आणि ती आत गेली. मसाला भाजल्याचा वास आला, खोबऱ्याचे काप परतल्याचा आला आणि मग तो दुसरा वास आला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. भावजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते जागचे हलले नाहीत. ताट आलं तेव्हा त्यांनी पातेलं आणि डाव मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने जिन्सीला वाढलं. थोडा रस्सा टेबलावर सांडला.

"खा," ते म्हणाले.

ती ताटाकडे बघत बसली. भावजी समोरच्या खुर्चीवर बसले.

"निखिलच्या वेळी नलूला सुकटीचे डोहाळे लागले होते," ते म्हणाले. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. "तेव्हा आमच्या समोर आगरी कुटुंब होतं. त्यांच्याकडे सुकट भाजली की वास यायचा. एकदा रात्री मला म्हणाली, थोडीशी आणाल का हो मागून? मी म्हणालो, लोक काय म्हणतील? वर हसलोसुद्धा. शेजाऱ्यांकडे वाटी मागायची मला लाज वाटली, जिन्सी. तिने मग काही मागितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. साडी नाही, दागिना नाही, कुठे फिरायला जाऊ म्हणून नाही. आणि मी जन्मभर लोकांना कौतुकाने सांगत राहिलो, आमच्या हिला कसली म्हणून हौस नाही."

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

जिन्सीने पहिला घास खाल्ला, मग दुसरा. रडत रडत खात होती. ताटातलं संपलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि ताट भावजींच्या पुढे केलं.

"बाबा," ती म्हणाली, "अजून थोडं वाढा."