काटक गाईचा उपास

"आपली गाय डोंगरी जातीची आहे. वाळकं गवतही चालतं तिला. तू फक्त चारा टाकायचास. तेवढं तरी जमेल ना?" असं मुलाला विचारून बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे गेले. चाळीस वर्षांत त्यांनी मुलावर सोपवलेलं हे पहिलं काम. पोस्टात कारकून असलेल्या मुलाने लगेच चार दिवसांची रजा टाकली.

सकाळी गव्हाणीत कडबा टाकून तो अदबीने म्हणाला, "घ्या, खा." गाईने आधी कडब्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुपारी हिरवा चारा, संध्याकाळी भिजवलेली पेंड. गाय ढिम्म!

"अगं, हिला काही झालं तर बाबा मला दारात उभं करायचे नाहीत!"

"आधी तुम्ही दोन घास खा," बायको म्हणाली. "एका गोठ्यात दोन उपाशी नकोत."

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. "गाय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुमचा चेहरा मात्र बरा दिसत नाही."

डॉक्टर गेले आणि बाबांचा फोन आला. हात पेंडीने बरबटलेले, म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"खातेय ना?"

"बाबा, कालपासून तोंड लावत नाहीये हो..."

"गाढवा! मठ्ठा! एक गाय सांभाळता येत नाही?"

कडबा करकर वाजू लागला. गाय खात होती! बाबा दम घ्यायला थांबले, तशी तीही थांबली.

"अहो, बाबा रोज शिव्या घालतच चारा टाकतात," बायको दारातून म्हणाली. "तिला तीच सवय."

त्याने स्वतः प्रयत्न केला. "मूर्खे," तो पुटपुटला आणि लगेच "माफ कर" म्हणाला. गाय ढिम्मच.

मग दोन्ही वेळा चारा टाकून तो बाबांना स्पीकरवर फोन लावू लागला. "बाबा, तुमची छत्री हरवली." छत्री खुंटीवरच होती, पण गाईने अर्धी पेंढी खाल्ली. "बाबा, तुमचा जुना चष्मा फुटला" म्हटल्यावर अख्खी संपवली.

चौथ्या दिवशी बाबा "पिशवी कोण उचलणार, तुझा काका?" असं ओरडतच आले. गाईने लगेच गव्हाणीत तोंड घातलं. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाकडे पाहिलं.

"छान ठेवलीस रे हिला. शाब्बास."

मुलाला भरून आलं. हा शब्द ऐकायला तो चाळीस वर्षं थांबला होता.

गाईने खाणं थांबवलं आणि मान वर केली.

त्याने डोळे पुसले, गव्हाणीत उरलेल्या कडब्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचं घड्याळही हरवलंय."