खडीचा डाव

एका जंगलात, मुलांनो, लढाई चालू होती. आपल्याकडच्या जंगलात नव्हे, घाबरू नका. तिकडे आफ्रिकेत, जिथे झाडं कमी आणि काटेरी झुडपं जास्त. मांडी घालून नीट बसा, चुळबुळ करू नका.

लढाई दोन सेनांची होती. तरसांची ती जंगल मुक्ती सेना आणि रानकुत्र्यांची ती खरी जंगल मुक्ती सेना. जंगल कुणापासून मुक्त करायचं, हे दोघांनाही आता आठवत नव्हतं. पण दोघांकडे जीपा होत्या, जीपांवर मशीनगनी होत्या आणि काळे चष्मेही होते. एवढं सगळं असल्यावर लढाई थांबवायची कशी?

त्याच जंगलात साळोबा नावाचा साळिंदर राहायचा. त्याला लढाईची भारी भीती आणि लढाईच्या खेळाचं भारी वेड. भित्र्यांना असं वेड असतंच, त्यात हसण्यासारखं काही नाही. त्याने एका सपाट दगडावर अख्खं जंगल मांडलं. वारुळाच्या मातीचे बोटभर सैनिक केले. शेंगेची जीप केली, तिच्यावर काडीची मशीनगन बसवली. हाडाचे फासे कोरले. अंतर मोजायला पट्टी नव्हती, म्हणून पाठीवरचा एक काटा उपटला. जीप एका डावात दोन काटे जाणार, पायी सैनिक अर्धा काटा. मधोमध शिंपल्यात पाणी ओतलं, की झाला पाणवठा.

पण खेळ नुसता तयार होऊन भागत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी खेळून पाहावा लागतो, तेव्हा नियम कुठे फसतात ते कळतं. साळोबाची आयुष्यात एकच इच्छा होती. कुठेही न फसणारा, पूर्ण झालेला एक खेळ.

सगळ्यात आधी पाहायला आली ठिपकाबाई. ही पाणवठ्याच्या काठी राहणारी रानकोंबडी. तिने मान वाकडी करून सगळं न्याहाळलं.

"छान झालंय हो साळोबा. जीप तर अगदी तश्शी. पण आम्ही कुठं आहोत?"

"तुम्ही ना? ही काय, पाणवठ्याजवळची खडी."

"खडी?"

"म्हणजे अवघड जमीन. तुमच्यातून जाताना सैनिकाची चाल निम्मी होते," साळोबा कौतुकाने म्हणाला. "अगदी खऱ्यासारखा नियम आहे."

ठिपकाबाईला राग आला. यायलाच हवा. तुम्हाला कुणी खडी म्हटलं तर? पण ती भांडली नाही, कारण तिला त्याहून मोठी काळजी होती. पाणवठ्याजवळ तिची अंडी होती. नवऱ्याला त्यांच्यावर बसवून ती आली होती आणि तो अजून बसलेलाच असेल याची तिला खात्री नव्हती. दोन्ही जनरल तिथेच शेवटची मोठी लढाई करणार अशी बातमी होती. अंडी काही उचलून पळता येत नाहीत.

"साळोबा," ती म्हणाली, "हा खेळ त्या दोघा जनरलांनाच का नाही खेळायला बोलवत? लढाईतलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

साळोबा आधी दगडामागे लपला. मग त्याला मोह झाला. खऱ्या जनरलांनी तपासलेला खेळ! त्याने निरोप धाडला.

दोघेही आले. तरसांचे जनरल हसरे आणि रानकुत्र्यांचे जनरल सुपकाने. आले ते शत्रूचा बेत कळेल म्हणून. बसले ते एकच डाव म्हणून. एकच डाव म्हणून बसणारा कधी उठतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आयांना तर जास्तच ठाऊक आहे.

सुरुवातीलाच हसऱ्यांचा फासा वाईट पडला. त्यांनी तो कडकडा चावून खाल्ला. हाडाचाच होता. साळोबाने मग बाभळीच्या लाकडाचे फासे केले.

"माझा सैनिक झुडपामागे आहे," सुपकाने म्हणाले. "तो दिसत नाही."

"मला दिसतोय की," हसरे म्हणाले.

"तुम्हाला दिसतोय. तुमच्या सैनिकाला नाही. तो बोटभर आहे."

"मग त्याच्याएवढं होऊन बघू."

दोन्ही जनरल पोटावर झोपले, हनुवटी दगडाला टेकवून, एक डोळा मिटून. दुपारपर्यंत तसेच होते. शेवटी असं ठरलं की कान दिसतात, बाकीचा दिसत नाही. मग कानाला गोळी लागली तर सैनिक मरतो का, यावर पुढचा दिवस गेला.

साळोबा रोज नियम दुरुस्त करी आणि रोज नवा वाद निघे. काटा वाकडा आहे अशी तक्रार आली की तो पाठीवरचा दुसरा उपटून देई. त्याची पाठ विरळ होत चालली.

तिकडे दोन्ही सेना हुकमाची वाट बघून कंटाळल्या. आधी लांबून डोकावल्या, मग दगडाभोवती येऊन बसल्या. कोण कुणाच्या बाजूचा ते कुणाच्या लक्षात राहिना. रानकुत्रे तरसांच्या जनरलला "साहेब, जीप पुढे घ्या" असं सांगू लागले. पाणवठ्याकडे कुणी फिरकेना. ठिपकाबाई निवांत अंड्यांवर बसली.

आणि मग, मुलांनो, फार वाईट झालं. खेळ पूर्ण झाला.

झुडूप, कान, काटा, सगळं पक्कं ठरलं. एक डाव वाद न होता सुरू झाला आणि वाद न होता संपला. हसरे जिंकले. साळोबाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

"आता कळलं कसं जिंकायचं ते," हसरे उठत म्हणाले. "उद्या पाणवठ्यावर!"

"मलाही कळलं मी कुठे चुकलो ते," सुपकाने म्हणाले. "उद्या पाणवठ्यावर!"

काळे चष्मे चढले. जीपा सुरू झाल्या.

ठिपकाबाई धावत आली. त्याच सकाळी तिच्या एका अंड्यातून टकटक ऐकू आली होती. धापा टाकत ती थेट दगडावर चढली आणि शिंपल्याजवळच्या खडीत जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझी एक शंका आहे."

"आता शंका नाहीत!" साळोबा ओरडला. "खेळ पूर्ण झालाय!"

"एकच, लहानशी. आधी एका साहेबांचा डाव होतो, मग दुसऱ्या साहेबांचा. खडीचा डाव कधी येतो?"



"खडीला डाव नसतो," हसरे म्हणाले.

"का नसतो?" सुपकाने म्हणाले, कारण हसरे नसतो म्हणाले होते.

"बरं, असला तर खडी माझ्या बाजूने हलणार!"

"फासा न टाकता? अहो साळोबा, नियम काय आहे?"

साळोबाकडे नियम नव्हता. जीपा बंद झाल्या. चष्मे उतरले. दोन्ही जनरल पुन्हा पोटावर झोपले.

साळोबा दगडाच्या कडेला बसून रडला. खरंच रडला. त्याचं आयुष्याचं काम पूर्ण झालं होतं, पण घोटभर पाणी पिण्याइतकाच वेळ.

"घात केलात माझा, ठिपकाबाई."

"केला," ती म्हणाली. "वाईट वाटतंय मला. पण अंडी माझी होती."

पिल्लं निघाली. चालायला लागली. एके दिवशी ठिपकाबाई त्यांना घेऊन निघाली ती दगडाजवळून, जनरलांच्या नाकासमोरून. इवल्या ठिपक्यांची रांगच्या रांग.

"ए, मध्ये मध्ये येऊ नका," हसरे वर न बघता खेकसले. "खडी चालते की नाही, ते ठरवतोय आम्ही."

तात्पर्य: हाती घेतलेलं काम कधीही पूर्ण करू नये. आणि ते पूर्ण होतंय असं दिसलंच, तर कडेला पडलेल्या खडीला एखादी शंका विचारू द्यावी.