निरोपाचे केक

आमच्या पेरुंगुडीच्या इमारतीतले गोविंदरावकाका बेकरीत जातात ते केक खायला नाही, वाचायला. चष्मा कपाळावर चढवून, काचेशी वाकून ते प्रत्येक केकवरची अक्षरं लावतात. ‘हॅपी बर्थडे’ दिसलं की तोंड वाकडं. ‘ऑल द बेस्ट’ दिसलं की माझ्या बरगडीत कोपर. “बघ, एक खुर्ची खाली झाली.”

काका तंजावरकडचे मराठी, कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. नोकरीबाबत त्यांचं मत ठाम. “जाहिरात म्हणजे शिळं सांबार. माणूस उठायच्या अगोदर जाऊन उभं राहायचं. सरी?” हे ‘सरी’ म्हणजे तमिळमधलं ‘बरं’. ते आलं की विषय संपला.

मी नाशिकचा. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. इमारतीत मात्र ‘वर्क फ्रॉम होम’ सांगून होतो. काकांना खरं कळलं आणि मग सगळ्यांनाच कळलं. लिफ्टमध्ये ते तमिळमध्ये माझी ओळख करून देत: आमचा पोरगा, हुशार आहे, वेलै इल्लै. वेलै इल्लै म्हणजे काम नाही, एवढं तमिळ माझं पक्कं झालं. इस्त्रीवालासुद्धा माझ्याकडे मायेने बघू लागला. लाजेने मी शर्ट द्यायला बायकोला पाठवू लागलो.

एकदा तर त्यांनी एका ऑफिसच्या दारात माझ्या हाती कुणाचा तरी केक दिला. “केक धरलेल्यास वॉचमन अडवीत नाही.” खरंच अडवलं नाही. वरच्या साहेबांनी मला बेकरीचा माणूस समजून टीप दिली. मी ती घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका बुधवारी काका दारात आले. “उद्या दुपारी शोळिंगनल्लूरच्या बेकरीत जा. एक केक जाणार अहे. तुझ्याच लायनीचं काम.”

“तुम्ही?”

“गुडघा दुखतो.”

निरोपाचा केक काकांनी आजवर चुकवला नव्हता.

त्या केकवर लिहिलं होतं, ‘ऑल द बेस्ट वेंकट’. शेजारी साखरेचं विमान. केक न्यायला आलेल्या मुलाशी बोलत बोलत मी वर त्याच्या ऑफिसात गेलो आणि सुरी घेऊन उभ्या माणसाला बघून थबकलो. काकांच्या हॉलमधल्या फोटोतला त्यांचा एकुलता एक मुलगा. “आमचा वेंकट आयतवारी येतो,” असं काका सांगत आणि दर रविवारी दार उघडं ठेवत. मी शेजारी राहून त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तिथल्या साहेबांनी माझे कागद चाळले. “जागेबद्दल आम्ही अजून कुठे बोललोच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

वेंकट माझ्याकडेच बघत होता.

“बेकरीत कळलं,” मी म्हणालो.

संध्याकाळी काका जिन्यातच भेटले. “मिळाली?”

“सोमवारपासून या म्हणाले. काका, तो वेंकट...”

“ठाऊक अहे. कॅनडा. ऑर्डर लिहितांना मी तेथेच होतों. आयतवारी सांगेल तो. तूं अगोदर बोलूं नको, सरी?”

मी मान हलवली. ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

“केकावर काजू नव्हते ना? मी काढायास सांगितलं होतं. त्याला सोसत नाहींत.”

“नव्हते,” मी म्हणालो. वेंकटने कापलेल्या त्या केकचा दुसरा तुकडाही मी मागून खाल्ला होता. मला काकांकडे बघवेना.

काका घरात गेले. वार गुरुवार होता, तरी दार त्यांनी उघडंच ठेवलं.