समजा सरांच्या फोनचा विमा

पाचपोर सरांना ‘कसे आहात?’ असं विचारलं, की त्या दिवशी काय काय झालं नाही ते सांगायला ते सुरुवात करत.

“गॅस नाही फुटला. जिना उतरताना पाय नाही घसरला. दूधवाल्याची सायकल कुत्र्याले चुकवता चुकवता माह्या अंगावर नाही आली. बरं हाय म्हनाचं, ताई!”

आणि यात तक्रारीचा सूर अजिबात नसे. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज हळू, माणूस जसा चिखलदऱ्याला घालवलेल्या सुट्टीची आठवण काढतो तसा. न झालेला अपघात त्यांना सबंध दिसे. सायकल पडली असती तर दुधाचा पाट कुठून वळला असता, त्यात कडुनिंबाचा मोहोर कसा तरंगत गेला असता, समोरच्यांची मांजर कोणत्या पायरीवर येऊन थबकली असती, सगळं. ऐकता ऐकता मला वाटायचं, सांडायलाच हवं होतं ते दूध.

सर अकोल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहत. जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. फळ्यावर एक वाकडी रेघ ओढून म्हणायचे, “समजा हा डोंगर हाय.” तिच्यावर एक गोळा. “समजा हा सूर्य हाय.” पोरं निमूट समजायची. त्यांचं नावच ‘समजा सर’ पडलं. लग्न केलं नव्हतं. “समजा केलं असतं,” इतकंच म्हणून ते गच्चीकडे पाहायचे आणि बराच वेळ तिकडेच असायचे. मग आपला चहा निवायचा.

मी विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरीला, त्यामुळे सरांच्या संकटांचा मोठा वाटा माझ्याकडे यायचा. जगात कुठेतरी एक ऑफिस आहे, तिथे माणसं टेबलाशी बसून दुसऱ्याच्या वाटची काळजी करतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडासाठी वाईट होती. गावाकडची माणसं ऑफिसात यायची ती खुर्चीच्या कडेवर टेकायची, जणू पूर्ण बसलं तर उठता येणार नाही. सकाळी पेपर आला की पहिल्या पानावर आज कोणत्या शेतकऱ्याचं नाव असेल या धास्तीनं मी तो मागच्या पानाकडून उघडायची. आणि नेमक्या त्याच वर्षांत मोबाइल आले. कुणी कंपनीशी करार करून घेई. महिन्याला पैसे भरायचे, फोन बिघडला तर तेच बघणार. आमच्या मॅनेजरसाहेबांकडे तसलाच होता.

सरांनी मात्र सुटा घेतला. दुकानात गेले, रोख पैसे मोजले, डबा काखेत मारून बाहेर.

एका उन्हाळ्याच्या दुपारी ते तोच रिकामा डबा आणि पावती घेऊन माझ्या टेबलाशी आले. कूलरचा वाळ्याचा ओला वास सगळ्या ऑफिसात भरला होता आणि अर्धा स्टाफ पेंगत होता.

“ताई, ह्या फोनचा विमा काढाचा हाय.”

“सर, करारावर घेतला असता तर त्यातच आलं असतं ना सगळं.”

“कराराचा फोन म्हंजे त्यांचाच. आपून फक्त बोलाचं. मले माह्या हक्काचा पाह्यजे होता. समजा कोनाले द्यावा वाटला तं?” ते वैतागले होते. “दुकानदार म्हनते, पायरी उतरली का तुमचा. सिमकार्डवाला म्हनते, यंत्र आमचं नाही. म्हंजे ह्या फोनची काळजी कराले साऱ्या अकोल्यात कोनी नाही!”

मी सांगितलं, घरातल्या वस्तूंच्या पॉलिसीत बसवता येईल. आग लागली, वीज पडली, घरफोडी झाली, तर भरपाई.

सरांनी डोळे मिटले. “समजा, विहिरीत पडला.”

“नाही मिळणार.”

“समजा, उंदरानं नेला. ते चोरीत बसन?”

“कडीकोयंडा तोडून नेला पाहिजे, सर.”

“उंदीर कडीकोयंडा कसा तोडन?” त्यांनी थोडा विचार केला. “बरं, समजा बैलानं चाटला.”

“चाटला?”

“जीभ लय खरखरीत असते त्याची. बटनं उपसून येतीन.”

पलीकडच्या टेबलावरचा पेंगणारा माणूस जागा झाला. मी म्हटलं, “सर, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. तुमच्याकडे बैल येईल कुठून?”

“समजा म्हनलं ना मी,” सर म्हणाले आणि कूलरच्या झुळझुळीकडे पाहत बसले.

प्रकरण मॅनेजरसाहेबांकडे गेलं. साहेब पुण्याचे. सरांचं बोलणं त्यांना भांडण वाटायचं आणि साहेबांचं बोलणं सरांना झोप आणायचं. साहेब म्हणाले, “हरकत नाही, परंतु वस्तू प्रत्यक्ष पाहावी लागेल.” दुसऱ्या दिवशी सर एक मोठा ड्रॉइंग पेपर गुंडाळून घेऊन आले. त्यावर पेन्सिलीनं फोन काढलेला. समोरून, बाजूनं, पाठीमागून. बटणांवर खिडकीचा उजेड कसा पडतो तेसुद्धा. साहेबांनी चष्मा काढून कागद नाकाशी नेला.

“छायाप्रकाश उत्तम आहे,” ते म्हणाले. “परंतु वस्तू?”

“वस्तू जागेवर हाय.”

“मग जागेवर जाऊन पाहावी लागेल.” साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. “तुमच्या घरच्याच जिन्यानं जायचंय. पाहून या.”

रविवारी सकाळी मी जिना चढणार, तेवढ्यात सर वरून उतरत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्याला शबनम, हातात पोळ्यांचा डबा. “चाला ताई. पॅसेंजर निघून जाईन.”

“कुठे?”

“चांदूर रेल्वे. फोन तथी हाय.”

घरी काय सांगून निघाले ते मलाच आठवत नाही. गाडीत सरांना खिडकी मिळाली आणि ते सुखावले. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, त्यांच्यावर थरथरणारं ऊन. “समजा, इथं समुद्र हाय,” ते म्हणाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, आणि खरं सांगते, मलाही डुलकीत लाटा दिसायला लागल्या. निंबाचं एकेकटं झाड लांबून गलबतासारखं येई आणि मागे जाई.

चांदूरला उतरून ऑटो, मग पांदणीच्या शेतवाटेनं पायी. शेताच्या मध्ये दोन खोल्यांचं कौलारू घर आणि दाराशी निंब. निंबाखाली बाजेवर एक उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता. तो उभा राहिला. सरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. “हा रशीद. अमरावतीच्या बोर्डिंगात माह्याच खोलीत होता. माह्याहून चांगलं चित्र काढे. बाप गेला अन् शिक्षण सोडून ह्या शेतावर आला.”

रशीदभाईंनी मान हलवली, आत गेले आणि माठातलं पाणी घेऊन आले. बोलले काहीच नाहीत.

फोन निंबाच्या फांदीला टांगलेला होता. मण्यांचं विणकाम केलेल्या एका कापडी पिशवीत, रशीदभाईंच्या लेकीनं सासरी जाण्याआधी केलेल्या. सबंध शेतात रेंज फक्त तिथं यायची. फांदीखाली पाण्याची कुंडी, आणि कुंडीशी एक पांढरा बैल, मान वर करून पिशवीकडे बघत उभा. मला सरांचा विमा एकदम समजला. निदान बैलापुरता.

आम्ही डबा खाल्ला. सर बोलत होते, रशीदभाई ऐकत होते. घराच्या मागे उतरणीवर नुसती खोडं दिसत होती. हातभर उंचीची, ओळीनं, पार नाल्यापर्यंत. मी विचारलं नाही.

चार वाजले तसे रशीदभाई बाजेवरून उठले, निंबाखाली गेले आणि पिशवीपाशी उभे राहिले.

“अरे बाप्पा,” सर म्हणाले, “मी अथीच हाय ना आज!”

रशीदभाईंनी फोनकडे पाहिलं, मग सरांकडे. दाढीत काहीतरी हललं. मग ते परत येऊन बसले.

परतीच्या गाडीत सरांनी सगळं सांगितलं. ती खोडं संत्र्याची होती. विहिरीचं पाणी खोल गेलं, बाग उभ्या उभ्या वाळली. रशीदभाईंनी माणूस लावला नाही, स्वतःच कुऱ्हाड घेतली आणि एकेक झाड तोडलं. शेवटचं झाड पडलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. बायको आधीच गेलेली, लेकी लांब दिलेल्या. लेकी बोलावतात, पण ते शेत सोडत नाहीत.

“मंग मी फोन नेऊन देला. रोज चार वाजता मी घरच्या फोनवरून लावतो. तो उचलते. मी बोलतो.”

“काय बोलता?”

“काहीबी. समजा आपून दोघं हत्तीवर बसून अमरावतीच्या बाजारात चाल्लो. समजा बोर्डिंगातल्या वरणात मासोळी निंघाली. तो हूं म्हनते. तेवढंच.”

“मग विमा कशासाठी, सर? फोन काही एवढा महाग नाही.”

सरांनी रिकामा डबा शबनममध्ये सारला. उन्हं कलली होती.

“एखाद्या दिवशी त्यानं नाही उचलला, तं मले कसं समजावं ताई? फोन बिघडला का रशीद? म्हनून म्हनलं, फोनचं काही झालं तं तुमच्या कंपनीनं त्याच दिवशी दुसरा नेऊन द्यावा. असा विमा पाह्यजे.”

दावा करायचा, पाहणी व्हायची, कागद वर जायचे. “महिना तरी लागतो, सर.”

“महिना,” ते म्हणाले. मग अगदी हळू, “त्या महिन्याचं मले समजा करता येत नाही.”

चांदूरच्या घराच्या पत्त्यावर पॉलिसी निघाली. सरांनी ती उघडूनही पाहिली नाही.

पुढे श्रावणात एका दुपारी साडेचारला माझं दार वाजलं. सुट्टीचा दिवस होता. दारात सर, पायात दोन वेगळ्या चपला.

“उचलून नाही राहिला,” ते म्हणाले. बस. न झालेलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. “मी गाडी पाहातो. माह्या घरचा फोन वाजला तं घ्या. वाजत नाही म्हना तो कधी. मीच लावत असतो.”

मी वर जाऊन बसले. एवढी वर्षं शेजारी, पण आत अशी एकटी पहिल्यांदाच. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. स्टुलावर फोन, त्याच्या शेजारी एक खुर्ची, खुर्चीवर बसून बसून खोलगट झालेली उशी. फोनवर विणलेला रुमाल घातलेला होता आणि त्याच्या घड्या इतक्या ताठ, जसं घरात येणाऱ्या पाहुण्यासाठी ठेवतात. बाहेर पाऊस भुरभुरत होता. दिवेलागणीला तो वाजला तेव्हा मी दचकून उभी राहिले.

“मास्तर हाय का?” अनोळखी, गंजलेला आवाज. “मी रशीद बोलतो. चांदुराहून. टेशनावरच्या बूथवरून.”

“ते तुमच्याकडेच निघालेत. तुम्ही फोन उचलला नाही म्हणून.”

“फोन कुंडीत पडला. बैलानं पिशवी ओढली.” एवढं बोलून त्यांना दम लागला असावा. “मी म्हनलं, मास्तर फिकर करत बसन. तो जेवनार नाही. म्हनून पायी आलो.”

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“तो येऊन राहिला म्हंता?” ते म्हणाले. “मंग मी अथीच बसतो. पावसात त्याले पांदणीनं नाही चालता येत.”

सर दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. सदरा चुरगळलेला, पायात रशीदभाईंच्या मोठ्या चपला. मी जिन्यातच गाठलं.

“ठीक हाय तो,” सर म्हणाले. “गाडीतून उतरलो तं हा बाकड्यावर बसून. म्या विचारलं, ‘अथी कावून रे?’ तं म्हने, ‘चाय पी.’ बस, तेवढंच बोलला. मले वाटलं, असाच आला असन गावात. भिजलेला फोन ज्वारीच्या डब्यात ठेवला होता त्यानं, सकाळी चालू झाला.”

“सर, त्यांनी सांगितलं नाही? त्यांनी फोन केला होता. तुमच्या घरी. मी घेतला.”

सर पायरीवर बसले. शबनम मांडीवर घेतली.

“रशीदनं? माह्याकडे?”

“हो.”

“काय म्हनला?”

मी सांगितलं, की फोन पाण्यात पडला आणि तुम्हाला काळजी वाटेल म्हणून ते पायी गावात आले.

“तसं नाही ताई,” सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “तो म्हनला, तसंच्या तसं सांगा.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

“‘मास्तर फिकर करत बसन,’ असं म्हणाले. ‘तो जेवनार नाही. म्हनून पायी आलो.’”

खाली गल्लीतून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“आनखी एकदा सांगता?” सर म्हणाले.